वनातील अर्पण व त्याची पूर्वतयारी (नवपेगन परंपरा)

ख्रिस्तपूर्व युरोपातील देवता, ऋतुचक्र आणि स्थानदेवता यांना पुन्हा उपास्य मानणाऱ्या आधुनिक पंथांना एकत्रितपणे नवपेगन धर्म म्हणतात. ब्रिटनमधील विक्का (चेटूकविद्येला धर्म मानणारा) व ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहितांचे नाव घेतलेला) हे पंथ, उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स देवतांना मानणारा आसात्रू आणि लिथुएनियातील रोमुवा ही त्याची ठळक रूपे होत. या पंथांतील अनेक जण एकट्याने उपासना करतात आणि त्यासाठी एखाद्या झाडापाशी, झऱ्यापाशी किंवा रानातील मोकळ्या जागी अन्न, पेय, फुले अथवा धूप अर्पण करतात. अशा एकट्याच्या विधीला पुरोहित नसतो आणि सर्वमान्य पोथीही नसते; त्यामुळे काय न्यावे, किती न्यावे आणि मागे काय ठेवावे हे सर्व उपासकाच्या विवेकावर सोपवलेले असते व पूर्वतयारी हाच विधीचा मोठा भाग ठरतो.

वनाला काही देण्याची युरोपातील चाल फार जुनी आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील रोमन लेखक केटो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात, झाडांची राई विरळ करण्यापूर्वी प्रायश्चित्त म्हणून डुकराचा बळी द्यावा असे सांगून प्रार्थनेचे शब्दही दिले आहेत. राई ज्या दैवताची असेल त्याला त्यात ‘तू देव असशील वा देवी’ असे संबोधले आहे. दैवताचे नाव ठाऊक नसतानाही त्याचा मान राखणारी ही वृत्ती आजच्या उपासकाला जवळची वाटावी अशीच आहे. इ. स. 392 मध्ये सम्राट थिओडोशियस याच्या कायद्याने झाडाला फिती बांधणे आणि गवताळ मातीची ढेपे रचून वेदी करणे दंडनीय ठरले व जेथे असे घडेल ते घर किंवा जमीन जप्त करण्याची तरतूद झाली. सहाव्या शतकात आजच्या पोर्तुगालमधील ब्रागाचा बिशप मार्टिन हा झाडांपाशी, झऱ्यांपाशी व चव्हाट्यांवर मेणबत्त्या लावणाऱ्या आणि झऱ्यात भाकरी टाकणाऱ्या खेडुतांची कानउघाडणी करतो. अर्पण करणाऱ्या सामान्य माणसांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही. त्यांचे आचार आपल्याला बहुधा अशा निषेधांतूनच कळतात.

निषेधाचा सूर नसलेले एक मोलाचे वर्णन टॉमस पेनंट या वेल्श निसर्गअभ्यासकाच्या 1769 मधील स्कॉटलंड-प्रवासात सापडते. तेथील डोंगराळ मुलखातील गुराखी 1 मे रोजी, म्हणजे बेल्टेनच्या सणाला, विस्तव पेटवून अंडी, लोणी, ओटचे पीठ व दूध यांचे मिश्रण शिजवीत आणि त्यातले थोडे प्रथम जमिनीवर ओतीत. मग प्रत्येक जण नऊ चौकोनी उंचवटे असलेली ओटची भाकरी हाती घेऊन, विस्तवाकडे तोंड करून एकेक उंचवटा मोडी व खांद्यावरून मागे फेकी. काही तुकडे गुरामेंढरांच्या रक्षणकर्त्यांना असत, तर काही कोल्हा, कावळा व गरुड या त्यांच्या शत्रूंना. जे आपले नुकसान करू शकतात त्यांचाही वाटा काढून ठेवणारा हा विधी अर्पणाच्या मुळाशी असलेला व्यवहार फार स्पष्टपणे दाखवतो.

या आचारांपासून आजपर्यंत अखंड परंपरा चालत आली, असे मानता येत नाही. आजचे स्वरूप मुख्यतः विसाव्या शतकात घडले. ब्रिटनमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला, त्यानंतर जेरल्ड गार्डनर याने विक्का पंथ लोकांसमोर आणला. 1964 मध्ये रॉस निकल्स याने ड्रुइडांचा एक मोठा संघ स्थापन केला आणि 1972 मध्ये आइसलँडमध्ये आसात्रूंची संघटना उभी राहिली. परंपरा तुटलेली असल्यामुळेच आजच्या उपासकाला जुन्या नोंदी, लोकाचार आणि आपल्या परिसराचे ज्ञान यांची सांगड स्वतः घालावी लागते.

तयारीची सुरुवात अर्पण कोणाला करायचे हे ठरवण्यापासून होते. ऋतूच्या सणाला त्या ऋतूतील वस्तू निवडतात; 1 ऑगस्टच्या सुमारास येणाऱ्या लूनासा या सुगीच्या सणाला नव्या धान्याचा पाव आणि शरदात सफरचंदे नेतात. उत्तरेकडील देवतांना मधापासून आंबवलेले मीड हे मद्य किंवा बिअर देण्याचा प्रघात आहे, तर स्थानदेवतांना दूध, लोणी व ओटची भाकरी देतात. आपल्याकडील दवणा ज्या प्रजातीतला, त्याच प्रजातीतील मगवर्ट ही वनस्पती धुपासाठी वाळवून ठेवतात. पाव स्वतःच्या हाताने भाजणे किंवा फुले स्वतःच्या बागेत वाढवणे याला अनेक उपासक विकतच्या महागड्या वस्तूंपेक्षा अधिक मोल देतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यात देणाऱ्याचे श्रम व वेळ उतरलेले असतात. प्राण्याचा बळी बहुतेक नवपेगन देत नाहीत.

यानंतरची कसोटी वनाची आहे आणि ती अधिक कठोर आहे. मध निरुपद्रवी वाटतो, परंतु बाहेरून आणलेल्या मधात मधमाश्यांच्या अळ्यांना मारणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू असू शकतात, म्हणून तो उघड्यावर ओतू नये. मिठाने मुळांना अपाय होतो. चॉकलेट व मनुका कुत्र्यांना विषारी असतात. परक्या बियांमुळे रानात नको ती झाडे रुजतात. स्कॉटलंडमध्ये विशिष्ट झऱ्यांकाठच्या झाडांना चिंध्या बांधण्याची प्रथा आहे. चिंधी जसजशी कुजेल तसतसा आजार ओसरतो, अशी तेथील समजूत. कृत्रिम धाग्याचे कापड कुजत नाही, त्यामुळे ते बांधले की झाडाला फास बसतो आणि प्रथेचा अर्थही हरपतो. तेथीलच मारी सरोवरातील एका बेटावरच्या ओक वृक्षात भाविकांनी इतकी नाणी ठोकली, की त्या वृक्षाचे आता केवळ वठलेले खोड उरले आहे. म्हणून जाणते उपासक वेष्टने, दोरे व मेणबत्त्यांचे धातूचे तळ घरीच काढून टाकतात, अर्पण मूठभरच नेतात आणि कोरड्या ऋतूत विस्तव टाळतात. जागेवरचा कचरा उचलणे हेही अनेक जण अर्पणच मानतात.

रानातून वस्तू घेण्यालाही मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीवविषयक कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीविना कोणतीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणे गुन्हा आहे. महाराष्ट्रातील देवरायांमध्ये पडलेले लाकूडही बाहेर न नेण्याचा रूढ दंडक बहुधा देवाच्या धाकाने पाळला गेला. ब्रिटनमध्ये असे बंधन कायद्याने घातले आहे.

प्रत्यक्ष विधी थोडक्यात आटोपतो. उपासक शांत उभा राहून दैवताचे नाव घेतो, पेय जमिनीवर ओततो, पावाचा एक तुकडा ठेवतो आणि उरलेला स्वतः खातो. देणारा व घेणारा एकाच अन्नाचे वाटेकरी होतात, हा त्यामागील भाव आहे. पात्रे, कापड व राख परत नेली जातात, आणि जेथे खाद्यवस्तू ठेवणे योग्य नसते तेथे त्या काही वेळ मांडून नंतर घरच्या मातीत पुरतात.