आठवा आठवडा लागल्याशिवाय पिल्लू देऊ नका

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकलाही हुडहुडी भरते. अशाच एका पहाटे इंदिरानगरच्या आमच्या पार्किंगमध्ये केळ्यांच्या खोक्यात कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. तोंड उघडून पाहिलं, तर हिरडीतून नुकती टोकं वर आलेली, तांदळाच्या कणीएवढी. दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून येतात; म्हणजे हे बाळ जेमतेम महिन्याचं. ठेवणाऱ्याला वाटलं असेल, कुणीतरी नेईलच. पण या वयात आईपासून तोडणं म्हणजे त्याची एक शिदोरी सरत असताना दुसरी काढून घेणं.

पहिली शिदोरी चिकाची. ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक कुत्रीलाही येतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पिल्लाच्या रक्तात जातात. ती हळूहळू ओसरतात. कुणाची सहाव्या आठवड्यात, कुणाची थेट सोळाव्या. ती भरपूर असताना टोचलेली लस लागूच पडत नाही, कारण आईची प्रतिपिंडं लसीलाही निकामी करतात. म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आईची प्रतिपिंडं ओसरलेली आणि लस अजून लागू न पडलेली, अशा मधल्या उघड्या काळात पार्वो गाठतो. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे अलीकडेच पार्वोनं कुत्रं गेलेल्या घरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू कधीही देऊ नये.

दुसरी शिदोरी भावंडांची. खेळताना एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. किती जोरात चावायचं, हे तिथेच कळतं.

मग जास्त दिवस ठेवावं का? तेही नको. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाआड, माणसांपासून दूर वाढवली होती. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांचा माणसांशी संबंधच आला नाही, ती नंतरही माणसाला बुजतच राहिली. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू माणसं, कुकरची शिट्टी, रिक्षाचा आवाज, सगळं आपलंसं करतं. म्हणून आठवा ते दहावा आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो.

गोदाघाटावर किंवा पांडवलेणीच्या पायथ्याशी ‘सोडून येणं’ हा मार्गच नाही. तिथली कुत्री आपल्या हद्दीत परकं पिल्लू सहन करतीलच असं नाही. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव प्राणी असा टाकून देणं गुन्हा आहे.

आमच्या पिल्लाला आम्ही महिनाभर सांभाळलं. जंताचं औषध दिलं, लस टोचली. नेणाऱ्यांच्या घरी आधी जाऊन आलो. आजींपासून नातवापर्यंत सगळ्यांना विचारलं, घरमालकालाही. देताना लसीचं कार्ड दिलं, चार दिवसांचं सवयीचं खाणं दिलं आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचायची, हे कार्डावरच लिहून दिलं. ‘नाहीच जमलं तर रस्त्यावर नको, आमच्याकडे आणून द्या,’ एवढं बजावलं. ज्या जुन्या टॉवेलावर ते झोपायचं, तो न धुताच सोबत दिला. त्या रात्री सातपूरहून फोन आला: टॉवेलात तोंड खुपसून ते झोपलं होतं.