आधी वेलांटी की आधी अक्षर?

टंकलेखन यंत्रावर ‘किती’ हा शब्द उठवायचा तर आधी पहिली वेलांटी दाबायची आणि मग क. कागदावर डावीकडून बघितलं तर वेलांटीच आधी दिसते, आणि यंत्राला कागदावरच्या ठशापलीकडे काही कळत नाही. आज संगणकावर तोच शब्द लिहिताना आधी क येतो, मग वेलांटी. वर्षानुवर्षं यंत्रावर बसलेली बोटं इथे हमखास अडतात.

आमच्या कार्यालयात नवीन कोणी आलं की मी दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगते. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. जमलं तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक शिका. जुन्या फॉन्टमधली फाइल तशीच मेलला जोडून पाठवू नका. ‘पण का?’ असं कोणी विचारलं की मात्र उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते या वेलांटीच्या गोष्टीत आहे.

मराठी टंकलेखनाचा पाया रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकाने घातला. गोदरेजने मुंबईत 1955 साली भारतीय बनावटीचं टंकलेखन यंत्र आणलं. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या परीक्षांची तयारी चाले, आणि त्या प्रमाणपत्रावर कितीतरी घरांत सरकारी नोकरी आली. त्या कळफलकावर अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा होत्या आणि रफार अक्षरानंतर मारायचा. ‘सूर्य’ लिहिताना य उठला की त्याच्या डोक्यावर रफार. सगळा हिशेब दिसण्याचा.

कार्यालयांत संगणक आले तेव्हा हीच बोटं त्याच्यासमोर बसली. त्यांची सोय म्हणून कृतीदेवसारखे फॉन्ट चालले. त्यांची युक्ती साधी होती. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी चित्रं दाखवत होता. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच असा साठतो. मग अशीच मराठी टंकनाची सॉफ्टवेअर आली: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, आकृती आली, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं आयएसएम आलं. प्रत्येकाच्या फॉन्टची मांडणी आपापली. छपाईसाठी हे सगळं उत्तम चाललं. मराठी डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पानं जुळवण्याचा, मोठा काळ याच फॉन्टांवर उभा राहिला, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. कागदावर उतरेपर्यंत काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते फाइल दुसऱ्याच्या संगणकावर जाऊ लागली तेव्हा.

मी काम केलेल्या एका संस्थेत जुनी इतिवृत्तं शोधायची होती. फाइल उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा चुरा. मूळ फॉन्ट त्या संगणकावर नव्हता. सभासदाचं नाव शोधायला ‘फाइंड’मध्ये मराठी टाइप केलं, काही सापडलं नाही. सापडणार कुठून? फाइलमध्ये मराठी नव्हतीच. ज्यांनी ती पानं इतक्या काळजीने टाइप केली होती त्यांचा यात काही दोष नव्हता, हे मला फार मनापासून सांगावंसं वाटतं.

दुसरी वाट मात्र तेव्हाच तयार होत होती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सुरू झालं आणि ते पुढे 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. इनस्क्रिप्ट कळफलक 1986 मध्ये प्रमाण ठरला, अक्षरं संगणकात कोणत्या क्रमांकाने साठवायची ते ठरवणारी इस्की ही संकेतप्रणाली 1991 मध्ये भारतीय मानक झाली. त्यातला निर्णय मला आजही मोठा वाटतो: अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवायची नाहीत, उच्चारतो त्या क्रमाने साठवायची. आधी क, मग वेलांटी. आधी र आणि हलन्त, मग य, म्हणजे रफार आपोआप डोक्यावर चढतो. चित्र कसं काढायचं ते संगणकाने बघावं. 1991 मध्येच आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या मसुद्यावरून घेतली आणि तिला 128 जागा दिल्या.

इनस्क्रिप्टवर ‘किती’ लिहून बघा. क उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, वेलांटी डाव्या तर्जनीखाली, त उजव्या अनामिकेखाली, दुसरी वेलांटी पुन्हा डाव्या तर्जनीच्या वरच्या ओळीत. उजवा, डावा, उजवा, डावा. स्वर आणि त्यांच्या खुणा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे, म्हणून हात आळीपाळीने चालतात. आणि गुजराती, कन्नड, बंगाली लिहायची वेळ आली तरी क त्याच कळेवर असतो.

मग हे सगळं लगेच का रुळलं नाही? कारण घरोघरच्या संगणकांना जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आणि मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी यांनी. तोवर जुन्या फॉन्टांत कपाटंच्या कपाटं भरली होती.

ईमेलची अडचण वेगळी. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये दोन संगणकांमध्ये पहिला मेल पाठवला तेव्हापासून मेलचा मजकूर 128 चिन्हांच्या इंग्रजी संचात बसवलेला होता. 1992 मध्ये माइम हे मानक आलं, त्याने इतर लिप्या आणि जोडपत्रं यांना वाट करून दिली. त्याच वर्षी युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये साठवायची यूटीएफ-8 ही रीत तयार झाली. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मधल्या एखाद्या यंत्रणेने ते नीट वाचले नाहीत की पत्रात प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. म्हणून लोक पत्र छापून, स्कॅन करून पाठवू लागले. ती सवय अजून गेलेली नाही, आणि त्या स्कॅनमध्ये काही शोधता येत नाही.

मेलमधलं ‘सीसी’ मात्र आपल्या ओळखीचं आहे. ते कार्बन कॉपीचं लघुरूप, म्हणजे पत्राच्या तळाशी आपण लिहितो ते ‘प्रत माहितीस्तव’.

आपली फाइल युनिकोडमध्ये आहे का हे बघायची खात्रीची रीत अशी: एक परिच्छेद उचला आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर ठीक. इंग्रजी अक्षरं आली तर फाइल जुन्या फॉन्टची आहे, ती आधी परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढा. कळफलक बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबा.

परिवर्तन झाल्यावर तीन जागा डोळ्यांखालून घाला: पहिली वेलांटी, रफार आणि ऱ्य. तिसरी सगळ्यात दगा देते. आचार्यांना दिलेलं आमंत्रण आणि आचाऱ्यांना दिलेलं आमंत्रण एक नव्हे. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ मिळतो, मग हलन्त, मग य.

ती जुनी इतिवृत्तं आम्ही अशीच परिवर्तित केली. ‘शेतकऱ्यांना’ सगळीकडे ‘शेतकर्यांना’ झालं होतं. कंट्रोल आणि एच दाबून एका फटक्यात सगळे दुरुस्त केले. मग त्या सभासदाचं नाव पुन्हा टाइप केलं, आणि या वेळी ते सापडलं.