ताखी आणि मस्टँग: रानघोडा कोणता आणि मोकाट घोडा कोणता

मजकूर मंगोलियातील ताखीचा आणि वरचे छायाचित्र अमेरिकेतील मस्टँगचे, असा प्रकार मराठी लेखांत इतक्या वेळा पाहण्यात आला आहे की, एकदा हे दोन प्राणी शेजारी उभे करून फरक नीट मांडणे मला आवश्यक वाटते. सगळ्या गोंधळाचे मूळ 'जंगली' या एका शब्दात आहे. हा शब्द दोन निराळ्या अवस्थांसाठी सरसकट वापरला जातो. वास्तविक मराठीत त्यांच्यासाठी दोन शब्द आधीपासून आहेत. ज्याचे पूर्वज कधी गोठ्यात आले नाहीत, ते रानडुक्कर. आणि ज्याचे पूर्वज पाळीव होते पण ज्याला आता धनी उरलेला नाही, ते मोकाट जनावर. या न्यायाने ताखी हा रानघोडा आणि मस्टँग हा मोकाट घोडा ठरतो, आणि हेच शब्द वापरावेत असा माझा आग्रह आहे.

मस्टँगविषयी फार सांगायला नको. उत्तर अमेरिकेतील मूळचे घोडे सुमारे 10,000 वर्षांपूर्वी नामशेष झाले. आज तेथे दिसणारे कळप हे स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि पुढे वसाहतवाल्यांच्या हातून सुटलेल्या घोड्यांचे वंशज आहेत. ताखीला पुस्तकांत प्रझेवाल्स्कीचा घोडा म्हणतात. मात्र एका रशियन प्रवाशाच्या नावापेक्षा मंगोल लोकांचे 'ताखी' हेच नाव मला योग्य वाटते. दिसण्यातला फरक एका वाक्यात संपतो: ताखी बुटका, पिवळसर तपकिरी, फिकट तोंडाचा असतो, त्याची आयाळ ब्रशासारखी ताठ उभी राहते आणि कपाळावर केसांची झुलपे नसतात, तर मस्टँग कोणत्याही रंगाचा असू शकतो.

खरी अडचण पुढे आहे. 'शेकडो वर्षे रानात जन्मणारा आणि रानातच मरणारा मस्टँग अजून पाळीव कसा?' हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. पाळीवपण म्हणजे दावणीला बांधलेले असणे नव्हे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या नराला कोणती मादी दाखवायची हे ठरवले, स्वभाव, रंग आणि पाठीची ताकद निवडली, आणि त्या निवडीची खूण जनुकांत उतरली. त्या दीर्घ निवडीचे नाव पाळीवपण आहे. दावे सोडल्याने ती खूण पुसली जात नाही. आपल्याकडेच आसामातील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात मोकाट घोडे आहेत आणि ते दुसऱ्या महायुद्धातील लष्करी घोड्यांचे वंशज मानले जातात. ते उद्यानात राहतात म्हणून त्यांना कोणी वन्य प्रजाती ठरवू नये.

पेशीतही हा फरक मोजता येतो. पाळीव घोड्यात आणि मस्टँगमध्ये 64 गुणसूत्रे असतात, ताखीमध्ये 66. घोडा आणि गाढव यांचे खेचर वांझ निघते हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ताखी आणि पाळीव घोडा यांची संततीही वांझ असेल असे वाटते. पण 65 गुणसूत्रांची ही संतती प्रजननक्षम असते. यावरून 'मग दोन्ही एकच' असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. संकर टिकतो, म्हणूनच ताखीला धोका आहे: मोकाट किंवा पाळीव घोडा कळपात शिरला, तर ताखीचे वेगळेपण काही पिढ्यांत विरघळून जाऊ शकते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कझाकस्तानातील बोताई येथे सुमारे 5,500 वर्षांपूर्वीच्या घोड्यांची हाडे सापडली. 2018 मधील जनुकीय अभ्यासाने असे सुचवले की ताखी हे त्या बोताई घोड्यांचे वंशज असून बोताईचे लोक घोडे पाळत होते. तसे असेल तर ताखीही मुळात मोकाटच ठरतो. 2021 मध्ये इतर संशोधकांनी बोताई घोडे पाळीव होते या पुराव्यालाच आक्षेप घेतला. हा वाद मिटलेला नाही. तरीही आजच्या पाळीव घोड्यांचा वंश बोताईचा नसून पश्चिम युरेशियातील गवताळ प्रदेशातला आहे, त्यामुळे वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी ताखीची शाखा मस्टँगच्या शाखेहून वेगळीच राहते.

संवर्धनात तर दोघांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. मंगोलियाच्या गोबीत मोकळ्यावरचा शेवटचा ताखी 1969 मध्ये दिसला. त्यानंतर तो केवळ प्राणिसंग्रहालयांत उरला, आणि आजचे सगळे ताखी जेमतेम डझनभर रानघोड्यांपासून वाढवलेले आहेत. 1992 मध्ये मंगोलियातील हुस्ताई आणि गोबीतील ताखीन ताल येथे त्यांना परत आणले गेले. 2009-10 च्या भीषण हिवाळ्यात गोबीतील कळपाचा मोठा भाग मेला. उलट मस्टँगना अमेरिकेत 1971 च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यांची संख्या कुरणाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक झाली आहे, आणि काही कळपांतील घोड्यांना गर्भनिरोधक लस टोचावी लागते. दोघांनाही 'दुर्मीळ जंगली घोडे' म्हटले की हा विरोध वाचकाच्या नजरेआड होतो, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते.

ताखीच्या बाजूला हरवलेली जनुके परत मिळवण्याची धडपड चालू आहे. 1980 मध्ये गोठवून ठेवलेल्या एका नराच्या पेशींपासून 2020 मध्ये टेक्सासात कर्ट नावाचे शिंगरू क्लोन करून जन्माला घालण्यात आले. ते पाळीव घोडीच्या पोटात वाढले आणि त्याने मंगोलियाचे गवत पाहिलेलेही नाही. तरी तो ताखीच आहे, आणि नेवाडाच्या उघड्या माळावर जन्मलेले मस्टँगचे शिंगरू पाळीव घोड्याच्याच वंशाचे आहे.