कहूट की प्लिकर्स? प्राथमिकच्या वर्गाचा विचार करून

कहूट आणि प्लिकर्स ही वर्गात प्रश्नमंजुषा घेण्याची दोन अ‍ॅप्स. दोन्हींत प्रश्न मोठ्या पडद्यावर येतो, पर्याय असतात, मुलं उत्तर देतात आणि निकाल लगेच दिसतो. त्यामुळे ही दोन्ही नावं शिक्षक एका दमात घेतात. पण तिसरी-चौथीच्या वर्गात ही दोन अगदी वेगळी साधनं आहेत.

कहूटला प्रत्येक मुलाच्या, निदान प्रत्येक गटाच्या, हातात मोबाइल किंवा टॅब लागतो, शिवाय इंटरनेटही. पडद्यावरचा पिन टाकून मूल आत येतं आणि लाल त्रिकोण, पिवळं वर्तुळ अशा रंगीत आकारांपैकी एकावर बोट ठेवतं. नवी मुंबईतल्या तुर्भे किंवा दिघ्याच्या एखाद्या शाळेत हे कसं जमणार? अनेक घरांतला एकुलता एक मोबाइल सकाळीच वडिलांबरोबर एपीएमसीच्या घाऊक बाजारात कामाला गेलेला असतो.

प्लिकर्समध्ये मोबाइल एकच, तो बाईंचा किंवा गुरुजींचा. मुलांच्या हातात कागदाचं कार्ड. त्यावर काळा चौकोनी आकार, प्रत्येकाचा वेगळा, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. शेजाऱ्याचं कार्ड पाहून नक्कल करणं अवघड, कारण त्याचा आकारच निराळा. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात आणि साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर काम भागतं. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका. उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला आकार वाचता येत नाही. बोट आकारावर आलं तरी तेच होतं, म्हणून कार्ड कडेला धरायला आधी शिकवा.

माझ्या मते खरा फरक याच्याही पुढे आहे. कहूटच्या नेहमीच्या पद्धतीत बरोबर उत्तरालाही उशीर होईल तसे गुण कमी मिळतात आणि मध्ये मध्ये आघाडीच्या मुलांची यादी झळकते. पाढे किंवा ‘१८५३ साली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून कुठपर्यंत धावली?’ अशा प्रश्नाला हे छान चालतं. ठाण्याची मुलं तर त्यावर उड्या मारतील! पण ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’ हा प्रश्न घ्या. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून एक चतुर्थांश मोठा, असं वाटणारं मूल घाईत हमखास तेच निवडतं. घाई नसेल तर ते भाकरीचे तुकडे मनात करून पाहतं. हळू वाचणाऱ्या मुलाचं तर गणित येत असूनही घड्याळामुळे नुकसान होतं.

प्लिकर्समध्ये घाई करायला कारणच नाही. सगळ्यांची कार्डं वर येईपर्यंत थांबता येतं आणि अर्ध्या वर्गाने चुकीचा पर्याय धरला असेल, तर तिथल्या तिथे फळ्याकडे वळता येतं. प्राथमिकच्या वर्गासाठी मी डोळे मिटून प्लिकर्स सुचवेन. शाळेत टॅब असतील, तर उजळणीच्या तासाला गटागटाने कहूट जरूर खेळा आणि प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवून ठेवा.

दोन्हींच्या मोफत खात्यांना मर्यादा आहेत आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे तासाआधी एकदा तपासा. प्लिकर्समध्ये वर्गाची यादी भरताना मुलांच्या पूर्ण नावांऐवजी हजेरी क्रमांक टाका. कार्डाचा क्रमांक तोच ठेवला की वाटपही सोपं होतं.