ठाम वर्णन वेगळं, फुगवलेलं वर्णन वेगळं

हाताने काढलेली चित्रं ऑनलाइन विकणाऱ्यांची वर्णनं वाचली की दोनच नमुने दिसतात. एक, ‘माझा छोटासा प्रयत्न, आवडल्यास नक्की कळवा.’ दुसरा, ‘परंपरा आणि आधुनिकतेचा अद्वितीय संगम असलेली ही मनमोहक कलाकृती तुमच्या घराला देईल राजेशाही साज!’ बऱ्याचदा दोन्हींमागे माणूस एकच असतो. स्वतः लिहायला संकोच वाटला, म्हणून चॅटजीपीटीला सांगितलं, ‘जरा कॉन्फिडन्ट करून दे.’ त्याने फुगवून दिलं. आणि आता सगळे समजून चाललेत की ठाम लिहिणं म्हणतात ते हेच.

संकोचावर शब्द खर्च करत नाही, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ‘छोटासा प्रयत्न’ खोडा, विषय संपला. ओरिजिनल आणि प्रिंटचा घोळही एका ओळीचा: प्रिंट असेल तर प्रिंट लिहा.

खरी गल्लत पुढे आहे. फुगवलेल्या वाक्याला ‘कशावरून?’ विचारा, ते गप्प बसतं. ठाम वाक्याकडे उत्तर असतं.

एक वारली चित्र घ्या. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून सुती कापडावर काढलेलं, गेरूच्या रंगावर पांढरं ॲक्रिलिक, मधे तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. एआयला एवढंच सांगितलं, ‘वारली, तारपा, हँडमेड.’ तर उत्तर साधारण असं येतं: ‘आदिवासी कलाकारांच्या कुशल हातांनी, नैसर्गिक रंगांत साकारलेली, हजारो वर्षांचा वारसा सांगणारी…’ हे आलं कुठून? वारलीबद्दल जे सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यातून. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, लग्नाच्या चौकात सवाशिणींनी भिंतीवर काढलेली पालघाट देवी. डहाणू-तलासरीकडच्या कुडाच्या भिंतींबद्दल यातलं बरंचसं खरंच आहे. पण परंपरेबद्दलचं खरं वाक्य तुमच्या चित्राखाली चिकटवलं की खोटं होतं. तुमचा रंग ॲक्रिलिक आहे. तुम्ही वारली समाजातले नाही. एआयने यातलं तुम्हाला काहीच विचारलेलं नाही. रिकामी जागा दिसली, भरून टाकली. आणि गिऱ्हाईक नेमकं ‘नैसर्गिक रंग’ वाचून पैसे देतं.

आता ठाम वर्णन बघा.

‘वारली शैलीतलं चित्र, सुती कापडावर हाताने काढलेलं, १२ × १८ इंच. पार्श्वभूमी गेरूची, आकृत्या पांढऱ्या ॲक्रिलिकच्या. मधे तारपावाला, भोवती ३१ नाचणारे. सगळ्यात बाहेरच्या फेरीत एका बाईच्या कडेवर मूल आहे. फ्रेम नाही, गुंडाळून नळीत पाठवते.’

एकही विशेषण मिरवत नाही, तरी कुठे मान खाली नाही. ॲक्रिलिक आहे तर ॲक्रिलिक. कडेवरच्या मुलाची ओळ दुसऱ्या कुणाच्या चित्राखाली चालणार नाही, आणि माझ्या मते चित्र विकते ती तीच ओळ.

‘शैलीतलं’ हा शब्द मात्र गाळू नका. भिंतीवरची ही कला कागदावर आणून जगभर पोचवणाऱ्यांत जिव्या सोमा म्हसे यांचं नाव पहिलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज त्या समाजातले कितीतरी चित्रकार स्वतःच्या नावाने विकतात. त्यांनी ‘शैली’ काढून खुशाल आपल्या पाड्याचं नाव टाकावं, तो त्यांचा हक्क. तसंच जीआयचं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव मिरवण्याचा अधिकार नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांना असतो. एआयने ‘जीआय मानांकित’ लिहून दिलं आणि तुमची नोंदणी नसेल, तर आधी ते खोडा.

मग एआय वापरायचंच नाही का? वापरा की. फक्त त्याच्याकडे विशेषणं मागू नका, प्रश्न मागा. ‘या चित्राबद्दल आधी मला दहा प्रश्न विचार. मी न सांगितलेलं काहीही लिहू नकोस. उद्गारचिन्ह नको.’ मग तेच विचारतं, कापड कुठलं, पाणी लागलं तर रंग जातो का, मागे सही आहे का. उत्तरं तोंडी बोलून द्या, जशी प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहून देता तशी. तिथे कोणी ‘मनमोहक’ म्हणत नाही. पुढे क्रम लावणं, शुद्धलेखन, इंग्रजी प्रत, ही कामं ते झकास करतं. तरीही ‘हे केवळ चित्र नाही, तर एक भावना आहे’ छापाचं वाक्य कुठूनतरी घुसतंच. ते मी न वाचताच उडवते.

आणि सगळ्यात खाली, ऑर्डरप्रमाणे पुन्हा काढून देत असाल तर ‘हातकाम असल्याने उणिवा असू शकतात, कृपया समजून घ्यावे’ असं लिहू नका. ‘प्रत्येक चित्र नव्याने काढते, नाचणाऱ्यांची जागा फोटोपेक्षा थोडी वेगळी असेल’ असं लिहा, आणि त्याखाली किंमत टाका.