‘बीएफटी’ ते ‘बीबीए-आयबी’: परदेशी व्यापाराची पदवी आली कुठून?

2024 साली बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात बारावी झालेल्या मुलांना त्यांच्यासाठी सीईटी द्यावी लागली. मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी पळवाट शोधली: बीएमएसचं नाव बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं. पुणे विद्यापीठाच्या परिसरात जी पदवी बीबीए-आयबी, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यवसाय, म्हणून ओळखली जाते, तिला नामांतर नवं नाही. आधी ती बीएफटी होती, बॅचलर ऑफ फॉरेन ट्रेड. मग बीबीएम-आयबी झाली आणि त्यानंतर बीबीए-आयबी. पाटी बदलत गेली तरी जन्मखूण पुसली गेलेली नाही. आपल्याकडे ही पदवी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांच्या पोटी जन्मली. तसं का झालं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

1913 साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय असा त्याचा लौकिक. शहर तेव्हा कापसावर चालत होतं. गोदीतून गाठी जपानला आणि युरोपला जात. तरीही बीकॉम झालेला मुलगा व्हायचा हिशेबनीस, बँकेतला कर्मचारी, फार तर लेखापरीक्षक. परदेशी व्यापार शिकायचा तो पेढीवर, काका-मामांच्या हाताखाली; नाहीतर युरोपियन कंपन्यांच्या कचेऱ्यांत, जिथे वरच्या खुर्च्या गोऱ्यांच्याच असत. याच सिडनहॅममध्ये नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 या काळात बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत होते. पुढे लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. चलनाची व्यवस्था कशी असावी आणि विनिमय दराच्या चढउताराचा भार कोणावर पडतो, हा त्यातला वाद. आंतरराष्ट्रीय व्यवसायाचा कणा म्हणावा असा हा विषय आहे. त्या वर्गातल्या मुलांचा हेवा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालयं वाढली, व्यापार मात्र आक्रसला. 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परवाना हा धंद्याचा प्राण बनला. जगाच्या निर्यातीत भारताचा वाटा 1948 मध्ये सुमारे 2 टक्के होता, तो 1980 च्या दशकात अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. जून 1966 मध्ये डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तरी निर्यातीने म्हणावी तशी उसळी घेतली नाही. सरकारने हातपाय हलवलेच नाहीत असं नाही. निर्यातीची जोखीम उचलणारं विमा महामंडळ 1957 मध्ये मुंबईत स्थापन झालं, दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था 1963 मध्ये, मुंबईची एक्झिम बँक 1982 मध्ये. पण दिल्लीच्या संस्थेसमोर अधिकारी, निर्यातदार आणि पदवीधर होते. बारावी झालेल्या मुलाच्या वाट्याला बीकॉममधला परदेशी व्यापाराचा एखादा पेपर येई. बाजारात किंमत होती ती वेगळ्याच ज्ञानाची: कुठला परवाना कुठल्या टेबलावर अडतो, एलसीच्या, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्राच्या, कागदात स्वल्पविराम चुकला तर बँक पैसे कसे रोखते, बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमध्ये शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा अर्ज, कसं पुढे सरकवायचं. हे कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटला येत असे, प्राध्यापकाला नव्हे.

याच काळात परदेशात विषयाची घडण निराळी होत होती. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 1946 साली, युद्धकाळात वैमानिक तयार करणाऱ्या थंडरबर्ड तळावर, फक्त परदेशी व्यापार शिकवणारी संस्था निघाली. तिथे तीन गोष्टी एकत्र होत्या: परकी भाषा, त्या प्रदेशाची माहिती आणि व्यापार. ती पदव्युत्तर वळणाची होती. पदवीच्या पातळीवरचं धाडस युरोपने केलं. 1974 च्या सुमारास फ्रान्समधल्या रँसच्या संस्थेने लंडनच्या मिडलसेक्स पॉलिटेक्निकशी जोडी जमवली. 1979 मध्ये जर्मनीतलं रॉइटलिंगेन त्याच वाटेने गेलं. चार वर्षांपैकी दोन एका देशात, दोन दुसऱ्या देशात, परीक्षा त्या त्या भाषेत, शेवटी दोन्हीकडची पदवी. विद्यार्थ्यांना दुसऱ्या युरोपीय देशात शिकायला पाठवणारी इरास्मस योजना 1987 मध्ये आली, म्हणजे विद्यार्थ्यांची ही ये-जा तिच्याही आधीची. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला परक्या गावात खोली शोधायला लावणं हा तिथे अभ्यासक्रमाचाच भाग होता. पुस्तकातले सांस्कृतिक फरकांचे तक्ते त्यापुढे फिके पडतात, असं माझं मत आहे.

आपल्याकडे दार उघडलं 1991 मध्ये, तेही सोनं गहाण पडल्यावर. रुपयाचं अवमूल्यन झालं, 1992 च्या नव्या कायद्याने जुना नियंत्रण कायदा मोडीत काढला. पुण्याच्या भोवती जमीन तयारच होती. न्हावा-शेवा बंदर 1989 पासून चालू होतं, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क 1990 चं, द्राक्ष बागायतदारांची महाग्रेप्स 1991 ची. युरोपात द्राक्षं पाठवायची तर रासायनिक अवशेषांची मर्यादा, शीतसाखळी आणि कागदपत्रं हे सगळं जाणणारी माणसं हवी होती, आणि ती पेढीवर घडण्याइतका वेळ आता कोणाकडे नव्हता. सिंबायोसिसने 1992 मध्ये यासाठी पदव्युत्तर संस्था काढली. पुणे विद्यापीठाची बीएफटी ही याच मागणीची धाकटी पाती: साध्या बीकॉमपेक्षा नेमकी, एमबीएपेक्षा लवकर हाती येणारी.

तिच्या वाढीमागे आणखी एक कारण आहे, माहितीपत्रकात न छापलं जाणारं. नव्या तुकड्यांना सरकारी अनुदान मिळणं दुरापास्त झालं होतं. बीबीए, बीसीए, बीएफटी हे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर सुरू करता येत आणि त्यांची फी बीकॉमच्या कितीतरी पट ठेवता येई. त्यामुळे एकाच इमारतीत सकाळी बीकॉम, दुपारी ‘प्रोफेशनल कोर्स’ असं चित्र दिसू लागलं. शिकवणारे बऱ्याचदा तेच किंवा तासिका तत्त्वावरचे. असा अभ्यासक्रम स्वस्तात शिकवायचा तर कागदपत्रांचा भाग सर्वांत सोयीचा पडतो: इन्कोटर्म्स, म्हणजे मालाचा खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या संज्ञा, पाठ करता येतात, बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीचे, प्रकार लिहून घेता येतात. जपानी किंवा स्पॅनिश शिक्षक ठेवणं खर्चाचं, सहा महिने परदेशी पाठवणं तर बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटसारखी भाषेची ठिकाणं शेजारीच असून या पदवीशी त्यांची गाठ क्वचितच घातली गेली. ती संधी हातची गेली, असंच म्हणावं लागेल.

तरी बीएफटी-बीबीएमची मुलं वाया गेली असं मुळीच नाही. मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्या फ्रेट फॉरवर्डिंग कंपन्या, बँकांचे व्यापाराला पतपुरवठा करणारे ट्रेड फायनान्स विभाग, कारखान्यांचे एक्स्पोर्ट डेस्क अशा ठिकाणी पहिल्या दिवसापासून काम उचलणारा पदवीधर लागतो, आणि कागद वाचता येणं तिथे उपयोगी पडतं. अडचण वरच्या पायरीवर येते. बाजारपेठ निवडणं, परक्या खरेदीदाराशी वाटाघाटी करणं यासाठी मग एमबीए करावं लागतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवीची सोय केली. तिच्यात दोन्ही संस्थांचे किमान 30 टक्के श्रेयांक (क्रेडिट) असावे लागतात. 2023 मध्ये परदेशी विद्यापीठांच्या इथल्या संकुलांचे नियमही आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांची पदवी शक्य झाली आहे, म्हणजे एक सत्र बाहेर घालवायला वेळ आहे. त्या सत्राचा खर्च कोण उचलणार, हे मात्र यातल्या कुठल्याच नियमाने ठरवलेलं नाही.