दाईच्या सुरीपासून माला-डीच्या पाकिटापर्यंत

बडोद्यात लिंगबदलाच्या उपचारांचा विषय निघाला की लोक एकतर मासीबांवर, म्हणजे इथल्या हिजड्यांवर, येतात, नाहीतर "हे आजकालचं फॅड आहे" म्हणून मोकळे होतात. फॅड वगैरे काही नाही, हे खूप जुनं आहे, आणि जुनं काय काय झालंय ते बघितल्याशिवाय आज एखादी ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेली, डॉक्टरकडे न जाता मेडिकलवाल्याकडे का जाते हे कळणारच नाही.

बहुचरा माता ही हिजडा समाजाची देवी, आणि तिचं बेचराजी हे ठाणं म्हणजे गायकवाडांच्या राज्यातलं, कडी प्रांतातलं. समाजात 'निर्वाण' म्हणून पुरुषी लिंग कापून टाकायचा जो विधी होता त्यात ऑपरेशन करणारी असायची दाई, म्हणजे समाजातलीच अनुभवी बाई. भूल नाही, टाके नाहीत, जखम उघडीच ठेवायची आणि लघवीची वाट बंद होऊ नये एवढी काळजी घ्यायची. जी वाचली ती देवीची कृपा, जी गेली तिच्याबद्दल कोणी पोलिसात जायचं नाही कारण जाणार तरी कोणत्या तोंडाने. दाईला नावं ठेवणं सोपं आहे हो, पण दुसरं दार कुठे उघडं होतं?

ते दार बंद करायला कायद्यानेही हातभार लावला. १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये कलम ३२० आहे, 'गंभीर दुखापत' म्हणजे काय त्याची यादी, आणि यादीतली पहिलीच गोष्ट पुरुषत्वहरण. मग १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आला, त्याच्या दुसऱ्या भागात 'युनक' म्हणून या लोकांची नोंदणीच सुरू केली, बायकांचे कपडे घालून रस्त्यावर दिसलं तरी अटक. तो कायदा कधीच गेला पण ३२० राहिलं, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक सर्जन त्याच भीतीने हात लावायला तयार नसायचे. खरं तर त्याच कोडच्या ८८ व्या कलमात रुग्णाच्या संमतीने, त्याच्या भल्यासाठी, प्रामाणिकपणे केलेल्या उपचाराला संरक्षण होतं. पण कोर्टाची पायरी कोण चढणार, त्यापेक्षा "आम्ही हे करत नाही" सांगणं सोपं. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर ११६ झाला, यादीतला पहिला शब्द तोच.

तरी ऑपरेशनं होत होती. आपल्या गुजरातमध्येच १९८७ साली एका व्यक्तीने सर्जरी करून घेतली, पुरुष म्हणून जगायला लागली, १९८९ मध्ये लग्न केलं, आणि मुलीचे वडील थेट हायकोर्टात गेले की हे लग्नच नाही, शिवाय 'अनैसर्गिक' संबंधांचं तेव्हाचं कलम ३७७ लावा. विचार करा, असं बघितल्यावर कुठला डॉक्टर उघडपणे बोर्ड लावेल?

तामिळनाडूने २००८ मध्ये ट्रान्सजेंडर वेल्फेअर बोर्ड काढलं आणि सरकारी हॉस्पिटलात फुकट सर्जरी सुरू केली, म्हणजे ठरवलं तर जमतं. मग १५ एप्रिल २०१४ चा ट्रान्सजेंडर हक्कांवरचा नाल्सा निकाल, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की लिंगओळखीसाठी सर्जरीची सक्ती करणं बेकायदा आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट या संस्थेबरोबर गरिमा गृह हे ट्रान्स लोकांसाठीचं सरकारी निवारागृह सुरू झालं, घरातून हाकललेल्यांना निदान छप्पर मिळालं. पण छप्पर म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, हॉर्मोनचा डॉक्टर, नाही.

माझ्या ओळखीत एक जण आहे, मराठी घरातली, घरी अजून सगळे तिला दादाच म्हणतात. एका डॉक्टरांनी "लग्न कर, सगळं ठीक होईल" म्हणून परत पाठवली. मग तिने मैत्रिणीचं ऐकून माला-डी, म्हणजे बायकांची गर्भनिरोधक गोळी, सुरू केली, दिवसाला तीन-तीन गोळ्या. एक दिवस पोटरी सुजून लाल झाली, तिला वाटलं जिन्यावर मुरगळला असेल, आणि दवाखान्यात गेली तर गोळ्यांचं नावच सांगेना, लाजेने. माला-डीत एथिनिल एस्ट्रॅडिऑल असतं, ते जास्त घेतलं की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि म्हणूनच ट्रान्स उपचारांत डॉक्टर ते देतच नाहीत, दुसरं एस्ट्रॅडिऑल देतात आणि रक्त तपासत राहतात. तिची गुठळी वेळेत सापडली म्हणून बरं, फुफ्फुसात गेली असती तर? ट्रान्स मुलांचं वेगळं, ते जिममधल्या ओळखीतून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, डोस कोणी सांगत नाही, रक्त घट्ट होत जातं आणि सीबीसी ही साधी रक्ततपासणी सुद्धा झालेली नसते. पार्लरच्या मागच्या खोलीत सिलिकॉन टोचून घेणं तर सगळ्यात भयंकर, ते शरीरात सरकतं आणि मग पूर्ण बाहेर काढणं फार अवघड असतं.

डिग्रीवाल्या डॉक्टरकडे गेलं की सगळं सुरक्षित, असंही नाही. केरळची रेडिओ जॉकी अनन्या कुमारी अ‍ॅलेक्स सर्जरी चुकली म्हणून वर्षभर वेदना सांगत राहिली, जुलै २०२१ मध्ये ती गेली. सर्जरीनंतरची तक्रार ऐकायची कोणी, यावर त्यानंतर कुठे जाहीर चर्चा झाली.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क संरक्षण कायद्याचं कलम १५ म्हणतं की सरकारने सर्जरी, हॉर्मोन, आधी-नंतरचं समुपदेशन, विमा, सगळं द्यायचं. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये कागदावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल तर सर्जरीचा दाखला मागितला, नाल्साच्या अगदी उलट. मग कागदासाठी घाई होते, आणि घाईत माणूस स्वस्त बघतो. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विमा योजनेखाली वर्षाला ५ लाखांच्या कव्हरचा करार झाला, त्यात ही सर्जरीही धरली. पण त्याला आधी सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलचं ओळखीचं सर्टिफिकेट लागतं, आणि योजनेच्या पॅनेलवर हे काम येणारं हॉस्पिटल असावं लागतं. ते सापडेपर्यंत मेडिकलवाला रोज सकाळी दुकान उघडतोच आहे.